सभागृहाबाहेरच्या सुधारक: प्राचीन रोममधील स्त्रिया



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. आज मला प्राचीन रोममधील स्त्रियांनी घडवून आणलेल्या सुधारणांविषयी बोलायचे आहे.

रोमन स्त्रीला मत नव्हते. सिनेटमध्ये तिला जागा नव्हती आणि कोणतेही शासकीय पद ती भूषवू शकत नव्हती. वडिलांच्या पश्चातही मोठ्या व्यवहारांसाठी तिला बहुधा पालकाची संमती लागे. तरीही रोमच्या कायद्यांत आणि संस्थांत तिचा हात जागोजागी दिसतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, स्त्रियांचा दबाव लेखी नियमात किंवा कायम निधीत उतरला तिथे तो टिकला; एखादीच्या वजनावर अवलंबून राहिला तिथे तो तिच्याबरोबर संपला.

पहिला प्रसंग इ. स. पू. 195 मधला. कॅनीच्या लढाईत हॅनिबलने रोमचा दारुण पराभव केल्यावर, इ. स. पू. 215 मध्ये ओपियस नावाच्या ट्रिब्यूनने एक कायदा आणला होता. स्त्रीने अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोने बाळगू नये, रंगीत उंची वस्त्रे नेसू नयेत, धार्मिक कार्याखेरीज शहरात गाडीतून फिरू नये. युद्ध संपले, पुरुषांचा डामडौल परत आला, पण स्त्रियांवरचे निर्बंध तसेच राहिले. कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा स्त्रिया घराबाहेर पडल्या. फोरमकडे जाणारे रस्ते त्यांनी अडवले, येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना गाठले. आसपासच्या गावांतूनही बायका आल्या. कॉन्सल केटोने कडाडून विरोध केला, दोन ट्रिब्यून नकाराधिकार वापरणार होते. स्त्रियांनी त्यांच्या दारातच ठाण मांडले. नकाराधिकार मागे घेतला गेला आणि वीस वर्षांचा कायदा रद्द झाला. दागिन्यांचा हट्ट म्हणून या प्रसंगाची बोळवण करणे सोपे आहे. मला त्यात वेगळे काही दिसते: संकटकाळासाठी केलेला निर्बंध संकट सरल्यावर उठलाच पाहिजे, हे तत्त्व स्त्रियांनी रस्त्यावर उतरून मान्य करून घेतले.

दुसरा प्रसंग इ. स. पू. 42 मधला. अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस या त्रिकुटाला यादवी युद्धासाठी पैसा हवा होता. त्यांनी 1400 श्रीमंत स्त्रियांना आपल्या मालमत्तेचे मूल्य जाहीर करून कर भरण्याचा हुकूम काढला. स्त्रिया आधी रीतीप्रमाणे सत्ताधाऱ्यांच्या घरातल्या स्त्रियांकडे गेल्या. ऑक्टेव्हियनच्या बहिणीने आणि अँटनीच्या आईने त्यांचे ऐकून घेतले; अँटनीची पत्नी फुल्व्हिया हिने मात्र त्यांना दारातून हाकलले. तेव्हा त्या थेट फोरममध्ये, त्रिकुटाच्या आसनासमोर जाऊन उभ्या राहिल्या. प्रसिद्ध वक्ता हॉर्टेन्सियस याची मुलगी हॉर्टेन्सिया बोलायला पुढे झाली. इतिहासकार अ‍ॅपियनने दिलेल्या वृत्तान्तात तिचा मुद्दा स्वच्छ आहे: पदे, मानसन्मान, सत्ता यांत आम्हाला वाटा नाही, मग कर कशासाठी? परक्या शत्रूशी लढायचे असेल तर आम्ही मागे राहणार नाही, पण आपसातल्या युद्धाला पैसा देणार नाही. त्रिकुटाने शिपायांना त्यांना हटवायला सांगितले, पण जमलेल्या लोकांनी आरडाओरडा केला आणि शिपाई थांबले. दुसऱ्या दिवशी 1400 चा आकडा 400 वर आला आणि धनिक पुरुषांवरही बोजा टाकला गेला.

हा विजय मोठा होता, पण त्याची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. सवलत मिळाली, सत्तेतला वाटा मिळाला नाही. ग्रॅकस बंधूंची आई कॉर्नेलिया हिचेही तसेच. तिच्या शब्दाखातर तिचा मुलगा गायस याने एक विधेयक मागे घेतले, असे प्लुटार्क सांगतो. तो मान तिचा एकटीचा होता. दुसऱ्या कोणा आईला तो वारशाने मिळाला नाही.

याउलट पालकत्वाचा कायदा पाहा. ऑगस्टसच्या काळात तीन मुले असलेल्या स्वतंत्र स्त्रीला आणि चार मुले असलेल्या मुक्त दासीला पालकापासून मोकळीक मिळाली. पुढे क्लॉडियसने पित्याकडील नातेवाइकांचे स्त्रियांवरील पालकत्वच रद्द केले. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस तर लिहून गेला की, प्रौढ स्त्रिया आपले व्यवहार स्वतःच पाहतात आणि पालकाची संमती अनेकदा नुसता उपचार असते. स्त्रियांचा व्यवहार पुढे गेला होता, कायदा मागून येत होता.

आता एक शिलालेख. रोमच्या दक्षिणेला किनाऱ्यावर तेराचिना हे गाव आहे. तिथे दुसऱ्या शतकात केलिया माक्रिना हिने आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दहा लाख सेस्टर्सचा निधी ठेवला. त्यातून शंभर मुलगे आणि शंभर मुली यांना पोटापाण्यासाठी दरमहा रक्कम मिळायची. एक जागा रिकामी झाली की दुसरे मूल घ्यायचे, म्हणजे शंभर-शंभर कायम. मुलग्याला पाच दिनार सोळाव्या वर्षापर्यंत, मुलीला चार दिनार चौदाव्या वर्षापर्यंत. दोघांची संख्या सारखी, पण वाटा सारखा नाही. देणारी स्त्री असूनही मुलीच्या ताटात कमी पडले, हे आपण वाचले पाहिजे आणि त्याच वेळी शंभर मुलींची जागा तिने दगडात कायम कोरली, हेही. दानातून संस्था उभी करण्याची ही वाट पुढेही दिसते: चौथ्या शतकाच्या अखेरीस फाबिओला हिने मालमत्ता विकून रोममध्ये रुग्णालय उघडले. सेंट जेरोमच्या पत्रानुसार ती स्वतः रुग्णांच्या जखमा धूत असे.

या साऱ्या स्त्रिया बहुतांशी सधन होत्या. त्यांच्या घरी राबणाऱ्या दासींनी काय मागितले, हे कोणी लिहून ठेवले नाही. हॉर्टेन्सियाचे भाषणही आपल्याला दोनशे वर्षांनंतरच्या पुरुषाच्या लेखणीतून मिळते. म्हणून ग्रंथांइतकेच शिलालेख, मृत्युपत्रे आणि कायद्याची कलमे तपासणे आपले कर्तव्य आहे. हे आपल्याकडच्या लेखांनाही लागू आहे. केलियाच्याच दुसऱ्या शतकात नाशिकच्या लेण्यांत राजमाता गौतमी बलश्री दान कोरून ठेवत होती. कार्ले आणि कान्हेरीच्या लेखांतही दान देणाऱ्या स्त्रियांची नावे आहेत. त्यांचा अभ्यास धर्मदानापुरता न थांबवता, ही संपत्ती त्यांच्या हाती कशी आली आणि तिच्यातून कोणती व्यवस्था उभी राहिली, असे प्रश्न तरुण संशोधकांनी विचारावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आजही अनेक जणी निर्णयाच्या दालनाबाहेर उभ्या राहून निर्णय बदलवतात. त्यांचे कौतुक पुरेसे नाही. त्यांनी मिळवलेले नियमात उतरते की नाही, हे विचारायला इतिहास आपल्याला शिकवतो. या परिषदेतील निबंध तोच प्रश्न घेऊन पुढे जावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करते आणि आपली रजा घेते.