परातीएवढा पसारा

(साक्षरता वर्गातील भगिनींपुढे केलेले भाषण)



आज मी फार मोठा विषय घेऊन आलेली नाही. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना घरात हाताने काही करायला कसे द्यावे, आणि तेही घरभर पसारा न होता, एवढेच मला सांगायचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणींचे घर म्हणजे एक खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच अंथरूण, तिथेच देव. पाणी येणार सकाळी तासभर. अशा घरात मुलाने माती आणली, कागद फाडले, रंग सांडला, की आई ओरडते, "ठेव ते! हात लावू नको! गप बस एका जागी!" तिचे तरी काय चुकले? पुसायचे तिनेच आणि पाणी भरायचेही तिनेच. मग ती मुलाच्या हातात मोबाइल देते. मूल गप्प बसते. घर स्वच्छ राहते.

पण त्या मुलाचे हात रिकामे राहिले, त्याचे काय?

तुम्ही या वर्गात पहिल्यांदा पेन्सिल धरली तो दिवस आठवा. बोटे कशी आखडून गेली होती! अक्षर डोळ्यांना दिसत होते, पण हातातून उतरत नव्हते. चिमटीत धरायचे, हलके दाबायचे, हवे तिकडे वळवायचे, ही बोटांची सवय असते. लहान मुलाची बोटे तर अजून कच्ची. ते चिमटीने कागद फाडते, मातीची गोळी वळते, सुतात फूल ओवते, तेव्हा तीच बोटे उद्याच्या अक्षरासाठी तयार होत असतात. म्हणून सांगते, हा नुसता वेळ घालवायचा खेळ नाही.

त्यासाठी दुकानातले सामान लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे तुम्ही ऐकली असतील. 1945 साली त्यांनी बोर्डी गावात बालवाडीचे काम सुरू केले. पुढे ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले आपल्याकडे येत नाहीत, तर आपण मुलांच्या अंगणात जाऊ, असे त्यांनी ठरवले. त्यातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली. त्यांनी महागड्या खेळण्यांची वाट पाहिली नाही. खडे, शिंपले, पाने, बिया, माती, जे भोवती मिळाले त्याचीच साधने केली. बोर्डीच्या अंगणात जे झाले, ते तुमच्या माझ्या घरात का होऊ नये?

आता पसाऱ्याचे बोलू. पसारा मुळीच नको म्हटले तर काम होणार नाही. पसाऱ्याला हद्द घालता येते. एक गोणपाट किंवा जुन्या लुगड्याची चौघडी जमिनीवर अंथरा. त्यावर परात ठेवा. मुलाला सांगा, "सगळं काम परातीत. परातीबाहेर गेलं की काम बंद." दोनचार दिवस सांगावे लागेल. मग मूल स्वतःच सांडलेले उचलून परातीत टाकते. एका वेळी एकच काम द्या. जवळ एक ओले फडके ठेवा.

काय काय देता येईल, ते सांगते.

पहिले काम पाण्याचे. कडुनिंबाची काडी दाताने चावून तिचा कुंचला करा. वाटीत चार घोट पाणी द्या. शहाबादी फरशीवर, पाटीवर, अंगणातल्या दगडावर मूल पाण्याने चित्र काढील. थोड्या वेळाने चित्र वाळून जाईल, की पुन्हा नवे काढील. ना डाग, ना खर्च. चित्र कुठे गेले म्हणून विचारले तर सांगा, ओले कपडे वाळतात तसे तेही वाळले. म्हणजे एक धडाही झाला.

दुसरे काम कागदाचे. जुने वर्तमानपत्र द्या. कात्री नको, बोटांनीच फाडू द्या. आधी पट्ट्या, मग तुकडे. सगळे तुकडे परातीत. चमचाभर मैदा अर्धी वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळा, की घट्ट खळ होते. ती डब्याच्या झाकणात थोडीशी द्या, आणि लावायला काडी द्या. मूल तुकडे चिकटवून डोंगर करील, घर करील, मासा करील. खळ हाताला लागली तर पाण्याने निघते. ती फार दिवस टिकत नाही, म्हणून लागेल तेवढीच करा. घडी घालून होडी, टोपी, पंखा करायला तर खळसुद्धा लागत नाही.

तिसरे काम पानाचे. पिंपळाचे पान घ्या. शिरा वर येतील असे पालथे ठेवा. त्यावर पातळ कागद ठेवून मुलाला रंगीत खडू आडवा धरून घासायला सांगा. शिरेला शीर कागदावर उमटते. मग आंब्याचे पान, वडाचे पान, पेरूचे पान. कुठल्या पानाच्या शिरा कशा, हे मूल आपोआप पाहायला लागते.

चौथे काम मातीचे. चिकण माती निवडून कणकेसारखी घट्ट मळा. पातळ केली की घर माखते, घट्ट असली की माखत नाही. लिंबाएवढा गोळा पुरे. त्याची चूल होते, भाकरी होते, बैल होतो. खेळ संपला की तीच माती ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. उद्या पुन्हा कामाला येते.

पाचवे काम हळदीचे. हे चार वर्षांच्या पुढच्या मुलांना, आणि आईने जवळ बसून. हळद पाण्यात कालवून कागदाला फासा आणि वाळू द्या. मग कपड्याच्या साबणाचे थोडे पाणी वाटीत घ्या. काडीला कापूस गुंडाळून, त्यात बुडवून, मुलाला त्या पिवळ्या कागदावर रेघ ओढू द्या. रेघ लाल उमटते! साबणात खार असतो, आणि खार लागला की हळद लाल होते. हळदीपासून कुंकू होते ते याच गुणाने. कपड्याला हळद लागली तर घाबरू नका. धुऊन कडक उन्हात घाला. ऊन हळदीचा रंग उडवते.

आता जपायचे काय ते नीट ऐका. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मणी, चिंचोके, बटणे देऊ नका. ती तोंडात जातात, नाकात जातात, घशात अडकतात. गुंजा दिसायला सुंदर, पण त्या विषारी असतात. एरंडीचे बी विषारी, धोत्र्याचे बी विषारी. मूल कितीही मोठे असो, ही बियाणी खेळात नकोत. घड्याळातले चपटे सेल तर घरात उघडे पडूच देऊ नका. चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून तोही लांब ठेवा.

एक बाई मला म्हणाल्या, "ताई, हे सगळं खरं, पण आवरायचं मलाच ना?" मी म्हटले, "नाही. आवरणं हे कामातलंच शेवटचं काम." तुकडे गोळा करणे, परात पुसणे, गोणपाट झटकून घडी घालणे, हे मुलाकडूनच करून घ्या. सुरुवातीला वेळ लागेल, नीट होणार नाही. तरी मुलाच्या हातून फडके ओढून घेऊ नका. आणि मुलीने आवरायचे आणि मुलाने उठून जायचे, असेही नको. दोघांनाही सारखेच शिकवा.

तसेच मुलाचे चित्र आपण सुधारू नये. त्याने बैलाला पाच पाय केले तर करू द्या. "हा पाय कशाला?" म्हणून विचारा. ते काहीतरी सांगेल. ते बोलणे पाचव्या पायापेक्षा मोलाचे आहे.

शेवटी तुमच्या स्वतःच्या कामाची एक गोष्ट सांगते. पूर्वी आपल्याकडे मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत. पाटावर बारीक माती पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, हात फिरवला की पाटी कोरी. तीच धूळपाटी तुमच्या परातीत करा. मूठभर बारीक वाळू धुऊन, वाळवून पसरा. तुम्ही वर्गात आज शिकलात ते अक्षर घरी जाऊन तिच्यात काढा. शेजारी मुलाला काढू द्या. चुकले तर हात फिरवा, पुन्हा काढा. तिथे खोडरबर नाही, लाल शाई नाही, कोणी हसणारे नाही.

सकाळी परातीत कणीक मळावी, दुपारी त्याच परातीत आईने आणि लेकराने एकेक अक्षर काढावे. त्याला किती वेळ लागतो? वीस मिनिटे. काम संपले की वाळू डब्यात, परात धुऊन जागेवर.

या आठवड्यात यांतले एक तरी काम करून पाहा. काय जमले, काय जमले नाही, ते पुढच्या वेळी वर्गात सगळ्यांना सांगा. जमले तर मुलाने केलेली वस्तूही घेऊन या.