चिनी भाषेत लिहायचं तर



 चिनी भाषेच्या शिक्षक-अनुवादकांच्या या परिषदेची अध्यक्ष म्हणून आज मला एकाच विषयावर बोलायचं आहे. आपण वर्गात तो नेहमी शेवटी ठेवतो आणि वेळ संपली की सोडून देतो. तो विषय म्हणजे लेखन.

आपले विद्यार्थी चिनी बोलतात, वाचतात, कारखान्यांत आणि बैठकांत दुभाष्याचं काम उत्तम करतात. पण त्यांना एक पत्र, एक अहवाल आणि एक ललित लेख लिहायला सांगा. तिन्हींची भाषा बहुतेक वेळा एकच निघते. व्याकरणात चूक नसते, अक्षरं बरोबर असतात, तरी वाचणाऱ्या चिनी माणसाला ते लेखन परकं वाटतं. यात दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपण त्यांना लेखनप्रकार शिकवलेच नाहीत.

परीक्षांनीही आपल्याला ही सवय लावली. एचएसके या चिनीच्या सहा पातळ्यांच्या प्रावीण्य परीक्षेत सर्वांत वरच्या पातळीचा लेखनाचा प्रश्न एकच होता: सुमारे 1000 अक्षरांची गोष्ट 10 मिनिटांत वाचायची, मग ती काढून घेतली जाणार, आणि 35 मिनिटांत 400 अक्षरांत तिचा सारांश लिहायचा. कौशल्य चांगलंच आहे, पण ते गोष्ट सांगण्याचं आहे. साधं तक्रारीचं पत्रही न लिहिता विद्यार्थी सर्वोच्च पातळी गाठू शकत होता. 1 जुलै 2021 पासून नऊ पातळ्यांची नवी मानकं लागू झाली, त्यामुळे परिस्थिती थोडी सुधारेल. तरी परीक्षेच्या भरवशावर लेखन सोडणं मला मान्य नाही.

चिनी परंपरेत लेखनप्रकाराचा विचार फार जुना आहे. तिसऱ्या शतकात छाओ पी यांनी आठ प्रकार चार जोड्यांत मांडले आणि प्रत्येक जोडीचा गुण वेगळा सांगितला. पुढे इसवी सन 500च्या सुमारास ल्यू शिए यांनी ‘वेनशिन द्याओलोंग’ हा 50 प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्याचा मोठा भाग केवळ लेखनप्रकारांवर आहे: कविता, स्तुती, शोकलेख, इतिहास, राजाज्ञा, दरबारी निवेदनं, पत्रं. कोणता मजकूर कोणासाठी, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या सुरात लिहायचा, हा त्या परंपरेत साहित्यशास्त्राचा गाभ्याचा प्रश्न होता. आपल्या अभ्यासक्रमात तो कुठेच नाही.

आता एका कथेपाशी थोडं थांबते. 1917च्या आरंभी ‘शिन छिंगन्यान’ मासिकात हू शी यांनी साहित्यसुधारणेचे आठ मुद्दे मांडले. वेनयान, म्हणजे जुनी ग्रांथिक चिनी, मागे सारून बायह्वा, म्हणजे बोलीवर आधारलेली भाषा, साहित्यासाठी स्वीकारावी असा त्यांचा आग्रह होता. तो लेख खुद्द वेनयानमध्ये लिहिलेला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मे 1918 मध्ये त्याच मासिकात लू शुन यांची ‘वेड्याची रोजनिशी’ आली. बायह्वातली पहिली महत्त्वाची आधुनिक कथा अशी तिची ओळख आपण करून देतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण कथेच्या सुरुवातीची छोटी प्रस्तावना वेनयानमध्ये आहे. तिथला निवेदक अगदी शांतपणे कळवतो की आजारी माणूस बरा झाला असून सरकारी नेमणुकीच्या प्रतीक्षेत परगावी गेला आहे. मग रोजनिशी सुरू होते आणि भाषा पालटते. वाक्यं तुटक, भेदरलेली, थेट मनातून आलेली. समाजाला मान्य असलेलं शहाणपण वेनयानमध्ये बोलतं, आणि माणसं माणसांना खातात हे भयानक सत्य बायह्वात उमटतं. ज्याला दोन भाषारूपांमधला हा सांधा दिसत नाही, त्याच्या हाती निम्मीच कथा लागते. अनुवादात तो सांधा बहुधा पुसला जातो, म्हणून ही कथा मुळातूनच शिकवली पाहिजे. शैली अर्थ घडवते हे समजावून सांगायला याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

वेनयान हा संपलेला विषय आहे, असं आपल्यातले काही जण मानतात. मला ते पटत नाही. आजचा अग्रलेख, करार, शोकसंदेश, संशोधनपर निबंध यांचा कणा अजूनही वेनयानचाच आहे. लिखित चिनीला दोन अक्षरांचा ठोका प्रिय आहे. बाजारातून भाजी आणताना ‘माय’ (विकत घेणं) हे क्रियापद पुरतं, पण करारात ‘गोउमाय’ लिहावं लागतं. ‘जिनशिंग’ हे औपचारिक क्रियापद वापरलं की त्याच्यापुढे ‘छा’ (तपासणं) चालत नाही, ‘द्याओछा’च हवं. मग त्याच वाक्यात मध्येच वेनयानचा एखादा एकाक्षरी शब्द येतो आणि सगळं वाक्य आवळून धरतो. हा ताल नियम पाठ करून येत नाही, मोठ्यानं वाचून कानात बसतो.

पुण्याला तर यात पूर्वपुण्य आहे. पु. वि. बापट यांनी हिराकावा या जपानी विद्वानांच्या सहकार्यानं ‘समन्तपासादिका’ या पाली बौद्ध टीकाग्रंथाच्या प्राचीन चिनी रूपाचा अनुवाद केला आणि 1970 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं तो प्रसिद्ध केला. बौद्ध ग्रंथांची चिनी वेगळ्या वळणाची असते, तिच्यात बोलीचेही अंश सापडतात. तरीही जुनी चिनी इतक्या बारकाईनं वाचणारी माणसं ज्या शहरात होऊन गेली, तिथल्या पदवी अभ्यासक्रमात वेनयानचा एकही धडा नसावा, हे मला खुपतं.

दुसरं टोक कार्यालयीन लेखनाचं. चीनच्या पक्ष आणि शासकीय कार्यालयांसाठी 2012 मध्ये जे नियम लागू झाले, त्यांत पत्रव्यवहाराचे 15 प्रकार ठरवून दिले आहेत. वरिष्ठांकडे परवानगी मागायची तर ‘छिंगशी’, नुसती माहिती द्यायची तर ‘बाओगाओ’, आणि जे कार्यालय आपल्या वर नाही की खालीही नाही त्याला ‘हान’. छिंगशीत एकच विषय मांडायचा. बाओगाओमध्ये मंजुरीची मागणी मिसळायची नाही. आपल्याकडे थोरांच्या पत्रात सा. न. वि. वि. कुठे येतं आणि लहानांना अनेक उत्तम आशीर्वाद कधी लिहायचे, हे घरात शिकवलं जात असे, तसाच हा संस्कार आहे. चिनी पत्राच्या शेवटीही शिक्षकाला वेगळी शुभेच्छा असते आणि व्यापाऱ्याला वेगळी. समारोपाच्या शब्दांपैकी ‘त्सिझ्झी’ दोन अक्षरांची जागा सोडून लिहायचं आणि ‘जिंगली’ पुढच्या ओळीत अगदी डावीकडून. हे न शिकवता आपण मुलांना चिनी कंपन्यांमध्ये पाठवतो.

विद्यार्थी मित्रांनो, दडपून जाऊ नका. चिनी माणसालाही हे शिकावंच लागतं. 6 जून 1951 पासून ‘पीपल्स डेली’नं ल्यू शूशियांग आणि जू दशी यांची व्याकरण आणि वाक्यरचनेवरची लेखमाला छापली. त्या काळच्या छापील लेखनातली सदोष वाक्यं घेऊन ती का बिघडली हे त्यांनी दाखवलं. त्याआधी 1934 मध्ये श्या म्यानझुन आणि ये शंगथाओ यांनी ‘वेनशिन’ हे पुस्तक लिहिलं. शाळकरी मुलांच्या आयुष्याची कथा सांगता सांगता ते वाचायला आणि लिहायला शिकवतं. आपल्या वर्गांसाठी असं पुस्तक मराठीतून कोणीतरी लिहायला हवं.

चिनी शाळांमध्ये एक मजकूर संक्षिप्त करणं, फुलवणं, त्याच्या धर्तीवर नवा लिहिणं आणि त्याचं रूप बदलणं, असे सराव नेहमी घेतले जातात. यातला रूप बदलण्याचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो. जू झछिंग यांचा 1925 मधला ‘पाठमोरी आकृती’ हा लेख घ्या. मुलासाठी संत्री आणायला वडील रेल्वेचे रूळ ओलांडून जातात, एवढाच प्रसंग. भाषा साधी आहे, सगळा भार क्रियापदांवर आहे. तो वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना त्याच प्रसंगाचा स्थानक अधिकाऱ्याचा अहवाल लिहायला सांगा, आणि मग वडिलांनी मुलाला लिहिलेलं पत्र. मायेचा ओलावा कोणत्या शब्दांतून आला होता आणि अहवालात तो कुठे गळून पडला, हे त्यांना आपोआप दिसेल. यंत्राकडून लिहून घेतलं तर बहुधा सगळीकडे एकच मधला सूर मिळतो. तो चुकीचा आहे हे ओळखण्यासाठीही लिहिण्याचा सराव झालेला कान लागतो.

या सगळ्याला शिक्षकाचा वेळ लागतो. लाल शाईनं अक्षर सुधारणं सोपं आहे, ‘हे वाक्य या प्रकारात शोभत नाही, कारण असं’ हे समासात लिहिणं कष्टाचं आहे. ते कष्ट आपण घेतले पाहिजेत, आणि दुसरा मसुदा मागितला पाहिजे, कारण खरं शिक्षण पहिल्या आणि दुसऱ्या मसुद्याच्या मधे होतं.

म्हणून विभागप्रमुखांना माझी विनंती आहे: पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून वेनयानचा एक छोटा अभ्यासक्रम आणि लेखनप्रकारांचा एक स्वतंत्र तास सुरू करा. आणि शिक्षकांना आग्रहाचं सांगणं आहे की पुढच्या परिषदेला येताना प्रत्येकानं आपल्या एका विद्यार्थ्याचं एकाच विषयावरचं तीन प्रकारांतलं लेखन, कच्च्या मसुद्यांसह आणि आपल्या दुरुस्त्यांसह, सोबत आणावं. चर्चा आपण त्या कागदांवर करू.