कुटुंबनियोजन : भार एकट्या बाईवर नको
(रहाटणी येथील ग्रामस्थांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जगाची लोकसंख्या १९८७ साली ५०० कोटी झाली. त्याचीच आठवण म्हणून पुढे ११ जुलै हा जागतिक लोकसंख्या दिन म्हणून ओळखला जाऊ लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ८०० कोटींवर पोहोचली. २०२३ साली, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, भारताने चीनलाही मागे टाकले. हे ऐकून वाटते की, घरोघरी पूर्वीइतकीच मुले होत असावीत. पण तसे नाही.

आपल्या रहाटणीकडेच पाहा. पवनाकाठचे हे शेतीचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. या शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ५ लाख १७ हजार होती. २०११ मध्ये ती १७ लाख २७ हजार झाली. यात हद्दवाढीचा भाग आहे, पण मुख्य वाढ कारखान्यांच्या ओढीने आलेल्या माणसांची आहे. घरातली मुले मात्र कमी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुले होती. २०१९-२१ मध्ये ती १.७ वर आली.

हे कशामुळे घडले?

मुली शिकल्या, बालमृत्यू घटले आणि साधने हाताशी आली. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा समाजाने त्यांची निंदा केली. पुढे पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनी हे काम नेटाने केले. १९५२ पासून भारत सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९७६ मध्ये आणीबाणीत मात्र सक्ती झाली आणि लोकांच्या मनात नसबंदीची धास्ती बसली. १९९६ साली शस्त्रक्रियांची वरून ठरवलेली उद्दिष्टे रद्द झाली. यातला धडा साधा आहे. माहिती आणि साधन मिळाले की माणूस स्वत:हून पुढे येतो, बळजबरीने तो पळतो.

भार कोणावर?

याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील दर १०० विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषाची शस्त्रक्रिया झालेली जोडपी मात्र शंभरात एकही भरत नाहीत. बाळंतपण तिने सोसायचे आणि शस्त्रक्रियाही तिनेच करून घ्यायची, हा कोठला न्याय?

"गड्याने ऑपरेशन केले तर अंगातली ताकद जाते, जड काम होत नाही," असे आपण ऐकतो. हा गैरसमज आहे. बिनटाक्याच्या नसबंदीत फक्त वीर्यवाहक नलिका बंद करतात. पौरुष व शक्ती कायम राहते. पोट उघडावे लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. दोन दिवस विश्रांती घ्यावी. आठवडाभर जड ओझे व सायकल टाळावी. पुढचे तीन महिने मात्र निरोध किंवा दुसरे साधन वापरावे, आणि वीर्यतपासणी करूनच निर्धास्त व्हावे.

अंतर ठेवण्याची साधने

दाट पेरलेल्या पिकाची आपण विरळणी करतो, कारण प्रत्येक रोपाला पोसायला जागा हवी. दोन मुलांतही किमान तीन वर्षांचे अंतर हवे. त्यासाठी सरकारी दवाखान्यात ही साधने मोफत मिळतात :

१. निरोध : गुप्तरोगांपासूनही बचाव करणारे साधन.
२. तांबी : प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षे चालते, हवी तेव्हा काढता येते.
३. माला-एन : रोज एक गोळी. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईने घेऊ नये.
४. छाया : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.
५. अंतरा : दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर होऊ शकतो.

कोणते साधन मानवेल हे तपासणी करून डॉक्टरांनाच विचारावे.

आपण काय करावे?

नव्या सुनेला लाजेपोटी विचारता येत नाही. सासूबाईंनी तिला दवाखान्यात न्यावे. आपल्या चाळींत परगावहून आलेली भाडेकरू कुटुंबे राहतात. त्यांना दवाखाना कोठे आहे हेही ठाऊक नसते. त्यांना महापालिकेच्या दवाखान्याचा किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाचा रस्ता दाखवा. खेड्यातल्या पाहुण्यांना आशाताईंची व प्राथमिक आरोग्य केंद्राची आठवण करून द्या. मुलगा हवा म्हणून सुनेवर बाळंतपणे लादू नका.

महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. बांध वाढले, वाटे लहान झाले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कुटुंब किती मोठे असावे हा निर्णय नवराबायकोने एकत्र बसून घ्यावा, आणि तो पार पाडताना पुरुषांनी मागे राहू नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.