आत पैसा नाही, माणसे आहेत

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सहलीत शिरपामाळ, जव्हार येथे केलेले भाषण)



सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम याच माळावर पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना इथे भेटले. मुक्काम आला की पहारा आलाच. पहारेकऱ्याने पाहिले, पण निरोप पोचला नाही, तर पहारा असून नसल्यासारखा. आज आपल्या इमारतीच्या पहाऱ्याबद्दल थोडे बोलतो.

येत्या सर्वसाधारण सभेत ठराव येतो आहे. गेट, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, कॅमेरे आणि आगीचा अलार्म, सगळे एकाच कॉम्प्युटरला जोडायचे. माझा पाठिंबा आहे. आज अलार्म वाजला तरी लिफ्टला त्याचा पत्ता नसतो. ती धुराच्या मजल्यावरही जाऊन थांबेल. जोडणी झाली की ती सरळ तळमजल्यावर येऊन दार उघडून उभी राहील.

पण एक अट घाला. मी आयुष्य बँकेत काढले. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन माणसे, आणि काही बिघडले तरी दार बंदच. कारण आत पैसा. इमारतीत नेमके उलटे. वीज गेली, कॉम्प्युटर बसला, तर बाहेर पडायच्या दाराचे कुलूप आपोआप सुटले पाहिजे. कारण आत माणसे. चोराची भीती वाटत असेल तर वॉचमन आहे ना!

तीच गोष्ट पंपाची. टाकीत पाणी चढवणारा पंप कॉम्प्युटरने खुशाल बंद करावा. आगीचा पंप त्याच्या हुकमात नको. पाइपातला दाब उतरला की तो स्वतः सुरू व्हावा आणि माणसानेच हाताने बंद करावा. कॉम्प्युटरने त्याची खबर ठेवावी, त्याला अडवू नये.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, चार जीव गेले. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, असे अग्निशमन दलाला आढळले. यंत्रणा नुसती असून भागत नाही, ती चालावी लागते. २००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा तसा दाखला द्यावा लागतो. त्या दोन्ही वेळी नुसता कागद फाइलला लावू नका. मेन स्विच बंद करून अलार्म वाजवा आणि कुठले दार उघडते ते स्वतः जाऊन बघा. बँकेत आम्ही रोज संध्याकाळी रोकड हाताने मोजून वहीशी जुळवायचो. स्क्रीनवर हिरवा दिवा दिसला म्हणजे हिशेब जुळला असे होत नाही.

शेवटचे. लिफ्ट खाली जाऊन उभी राहिली, की आमच्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांना जिन्यावरून कोण आणणार? हे कॉम्प्युटर ठरवणार नाही. प्रत्येक मजल्यावरच्या दोन तरुणांनी आपली नावे सेक्रेटरींकडे द्यावीत. जेवण तयार आहे, पण आधी नावे द्या, मग पानावर बसा.