कॅमेरा घेताना लेन्सही पाहा

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आपल्याला कॅमेरा फक्त निवडायचा आहे. तरी यंत्राच्या आत डोकावण्याची त्यांची वृत्ती आपणही घ्यावी.

दुकानात कॅनन, निकॉन, सोनी शेजारी मांडलेले असतात आणि बोलणं मेगापिक्सेलवर येतं. त्यात फार अडकू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० बाय ४००० ठिपके. भिंतीवरच्या मोठ्या फोटोलाही ते पुरतात. सेन्सरचा आकार मात्र जरूर विचारा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. एवढा मोठा सेन्सर समईच्या उजेडातही गौरी-गणपतीचा स्वच्छ फोटो देतो. त्याहून लहान सेन्सर एपीएस-सी. त्यावर २०० मिलिमीटरची लेन्स निकॉन-सोनीत ३०० सारखी, कॅननमध्ये ३२० सारखी दिसते. रंकाळा तलावावरचे पक्षी टिपणाऱ्याला हा फायदाच, शिवाय किंमतही कमी.

माझ्या मते ब्रँडचा खरा निर्णय लेन्सवर होतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत कॅननचा आरएफ, निकॉनचा झेड, सोनीचा ई असे वेगवेगळे माउंट, म्हणजे लेन्स बसवायचे खाचे, आहेत. एकाची लेन्स दुसऱ्यावर थेट बसत नाही. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स मात्र कितीतरी वर्षं साथ देते. म्हणून पुढच्या दोन लेन्सच्या किमती आजच विचारा. कॅमेरा हातात धरा, आपलं मेमरी कार्ड घालून फोटो काढा, घरी मोठ्या पडद्यावर पाहा आणि मगच पैसे मोजा. पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागायला विसरू नका.