गाणे कोणाच्या मालकीचे?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या एका जुन्या अध्यापकाने अभ्यासवर्गात संगीतिकांतील गाण्यांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. बेकारी, शेतमालाचे भाव, कामगार कायदे हे आपले नेहमीचे विषय. ते सोडून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील झगमगाटात शिरण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच होय. माझे उत्तर एवढेच की, गाणे हीसुद्धा एक उत्पादित वस्तू आहे. तिला भांडवल लागते, श्रम लागतात, बाजार लागतो. मात्र ही वस्तू विकली गेली तरी पूर्णपणे कोणाच्याच ताब्यात राहत नाही. जो ती ऐकतो तो ती गुणगुणतो, आणि गुणगुणता गुणगुणता बदलतोही. या विसंगतीत आपल्या चळवळीने शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

आपल्याकडे या बाबतीत दोन टोकाची मते आढळतात. एक मत असे की, तिकीट लावून दाखविलेली करमणूक म्हणजे श्रमिकांना गुंगी आणणारे औषध. तिच्याकडे पाहूच नये. दुसरे मत असे की, गाणे हे प्रचाराचे साधन. घोषणेला चाल लावली की काम झाले. अमेरिकन संगीतिकेचा इतिहास पाहिला म्हणजे ही दोन्ही मते अपुरी ठरतात.

मंदीतला माणूस

१९३२ साली, महामंदी ऐन भरात असताना, ब्रॉडवेवर 'अमेरिकाना' नावाचा एक गाण्या-नाचांचा कार्यक्रम आला. कार्यक्रम फार चालला नाही. पण त्यातले एक गाणे देशभर पोचले. 'ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाईम?' हे ते गाणे. शब्द यिप हार्बर्गचे आणि संगीत जे गॉर्नीचे. हार्बर्ग हा न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीत, स्थलांतरितांच्या घरात वाढलेला. त्याचा विजेच्या उपकरणांचा धंदा १९२९ च्या कोसळीत बुडाला आणि कर्जबाजारी होऊन तो गीतलेखनाकडे वळला.

या गाण्यातला माणूस दहा सेंटांचे नाणे मागतो. परंतु तो भिकारी नव्हे. त्याने लोहमार्ग बांधले, उंच इमारती उभारल्या, देशासाठी युद्धात भाग घेतला. आणि आज तो पावाच्या रांगेत उभा आहे. दया मागण्याऐवजी तो हिशेब मागतो. जे मी निर्माण केले त्यात माझा वाटा कोठे गेला, हा त्याचा प्रश्न आहे. वरकड मूल्याची जी कल्पना वर्गात शिकविताना मला तासच्या तास लागत, ती हार्बर्गने तीन मिनिटांत मांडली, आणि तीही 'शोषण' हा शब्द न उच्चारता. १९३३ साली अमेरिकेतील सुमारे चौथा हिस्सा श्रमिक बेकार होते. त्या प्रत्येकाला वाटले की हे आपलेच मनोगत आहे. बिंग क्रॉस्बीसारख्या लोकप्रिय गायकाने ते ध्वनिमुद्रित केले. म्हणजे बाजारानेच बाजाराविरुद्धची तक्रार घरोघर पोचविली.

पुढे १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटासाठी हार्बर्गने हॅरल्ड आर्लेनच्या संगीतावर 'ओव्हर द रेनबो' लिहिले. कॅन्ससच्या रुक्ष शेतावरील एक मुलगी दूरच्या, अधिक चांगल्या जगाचे स्वप्न पाहते. चित्रपट लांबतो म्हणून हे गाणे कापण्याचे घाटत होते. अखेर ते राहिले आणि त्याला ऑस्कर पारितोषिकही मिळाले.

पुरलेले सोने आणि काळी यादी

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हार्बर्गची आवर्जून पाहावी अशी कृती म्हणजे १९४७ ची 'फिनियन्स रेनबो'. संगीत बर्टन लेनचे, संहिता हार्बर्ग आणि फ्रेड सेडी यांची. आयर्लंडमधला एक म्हातारा ऐकतो की अमेरिका श्रीमंत झाली ती फोर्ट नॉक्सच्या तळघरात सोने पुरून ठेवल्यामुळे. तोही यक्षाचे सोने चोरून आणतो आणि फोर्ट नॉक्सजवळच्या जमिनीत पुरतो. तेथे तंबाखू पिकविणारी गरीब कुळे राहत असतात. त्यांच्या जमिनीत सोने आहे एवढी वार्ता पसरताच मोठ्या दुकानदार कंपन्या त्यांना उधारीवर माल देऊ करतात. सोने जमिनीतच राहते. माणसांची पत मात्र रातोरात बदलते. केन्सने १९३६ च्या ग्रंथात नोटा बाटल्यांत भरून खाणीत पुरण्याचा आणि त्या उकरून काढण्याचा औपरोधिक दृष्टांत दिला आहे. त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

याच संगीतिकेत वर्णद्वेषी गोरा सिनेटर जादूने काळा होतो आणि स्वतःच केलेल्या अन्यायाची चव घेतो. रंगमंचावर काळे आणि गोरे कलावंत एकत्र नाचत-गात होते. हा विषय घेऊनही तिचे ७२५ प्रयोग झाले. चित्रपट निघण्यास मात्र १९६८ साल उजाडावे लागले.

हा विलंब का झाला? १९५० नंतर हार्बर्गचे नाव काळ्या यादीत गेले. तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद नव्हता. समाजवादी विचारांचा होता. तेवढेही त्या दिवसांत पुरेसे होते. चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांची दारे त्याला सुमारे दशकभर बंद झाली. पण ब्रॉडवेचे दार उघडे राहिले. १९५७ साली त्याची 'जमैका' तेथे आली. एकाच देशात, एकाच काळात हा भेद का, याचा विचार केला पाहिजे. नाट्यनिर्माते अधिक शूर होते, असे मला वाटत नाही. कारण भांडवलाच्या रचनेत आहे. चित्रपट आणि प्रक्षेपण यांची सूत्रे मूठभर कंपन्यांच्या, बँकांच्या आणि जाहिरातदारांच्या हाती होती. त्यांना धमकावणे सोपे होते. नाटकाचे भांडवल अनेक लहानमोठ्या गुंतवणूकदारांकडून, प्रत्येक प्रयोगासाठी वेगळे उभे राही. केंद्रित भांडवलाला एका पत्रकाने वाकविता येते. विखुरलेल्या भांडवलाला वाकविणे कठीण जाते.

याचा आणखी एक पुरावा १९४९ च्या 'साऊथ पॅसिफिक'मध्ये सापडतो. द्वेष जन्मजात नसतो, तो लहानपणी शिकवावा लागतो, असे सांगणारे एक छोटे गाणे तीत आहे. ते गाळा, असा सल्ला रॉजर्स आणि हॅमरस्टाईन यांना अनेकांनी दिला. १९५३ साली जॉर्जिया राज्यातील काही विधिमंडळ सदस्यांनी त्यात मॉस्कोची प्रेरणा हुडकून काढली. दोघांनी गाणे गाळले नाही. हे दोघे स्वतः निर्मात्यांपैकी होते, हा तपशील महत्त्वाचा आहे. धैर्य त्यांचे होतेच. पण त्या धैर्याला मालकीचा टेकू होता.

बाजाराचे पचन

बंदी हा गाण्यापुढील एक धोका झाला. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. ब्रेख्त आणि कुर्ट वाईल यांची 'थ्री पेनी ऑपेरा' १९२८ साली बर्लिनमध्ये रंगभूमीवर आली. तिच्या आरंभीचे गाणे मॅकीथ या दरोडेखोराच्या खुनांची यादी सांगते. सभ्य भांडवलदार आणि दरोडेखोर यांच्यात फरक तो किती, हा नाटकाचा प्रश्न. आणि ती यादी हे त्याचे प्रास्ताविक. नाझींनी ब्रेख्तला देशोधडीला लावले, पण गाणे त्यांना मारता आले नाही. अमेरिकन बाजाराने ते मारले नाही, पचविले. १९५९ साली बॉबी डॅरिनच्या आवाजात ते तेथील अत्यंत खपाचे गाणे झाले. नाटक गळून पडले, प्रश्न गळून पडला. उरला तो ठेका.

याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी मराठीत 'तीन पैशाचा तमाशा' केला आणि १९७८ साली जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने तो रंगभूमीवर आणला. तेथे गाणी नाटकापासून सुटी झाली नाहीत, कारण तमाशाच्या घाटात गाणे आणि टोमणा यांचे नाते आधीपासूनच जुळलेले आहे. गाणे प्रसंगाशी घट्ट बांधलेले असेल तर बाजाराला ते सोलून काढणे अवघड होते, असा याचा अर्थ.

गायकाचा हक्क

आता शेवटचे उदाहरण. १९२७ च्या 'शो बोट'मधील 'ओल मॅन रिव्हर' हे गाणे हॅमरस्टाईनने लिहिले आणि जेरोम कर्नने संगीतबद्ध केले. मिसिसिपीच्या काठी ओझी वाहणारा काळा हमाल ते गातो. तो थकलेला आहे, भ्यालेला आहे. नदी मात्र सुखदुःखाची दखल न घेता वाहते. दोन गोऱ्या कलावंतांनी काळ्या माणसाच्या तोंडी घातलेले हे शब्द. पॉल रोबसनने ते १९२८ साली लंडनमध्ये आणि १९३६ च्या चित्रपटात गायिले. आपल्या बांधवांना हीन लेखणारे बोल गातो म्हणून त्याच्यावर काळ्या समाजातूनही टीका झाली, आणि ती निराधार नव्हती.

रोबसनने गाणे टाकून दिले नाही. त्याने शब्द बदलले. स्पेनमधील यादवीच्या काळापासून तो आपल्या मैफलींत थकव्याच्या आणि भयाच्या जागी अखेरपर्यंत झुंजण्याची भाषा गाऊ लागला. मूळ कवीला हा फेरफार रुचला नाही. कायद्याने शब्द कवीचे होते. पण लोकांच्या कानांत राहिले ते रोबसनचे. १९५० साली अमेरिकन सरकारने त्याचे पारपत्र काढून घेतले. १९५७ साली तो समुद्राखालील दूरध्वनी तारेवरून वेल्सच्या खाणकामगारांसाठी गायिला. पारपत्र १९५८ मध्ये परत मिळाले. त्याच वर्षी त्याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त भारतात समारंभ झाले आणि पंतप्रधान नेहरूंनी त्याचा जाहीर गौरव केला. १९६० साली सिडनीचे ऑपेरा हाऊस बांधले जात असता तो तेथील बांधकाम मजुरांपुढे जाऊन गायिला. तिकीट काढणाऱ्यांच्या आधी त्या वास्तूत गाणे ऐकले ते ती बांधणाऱ्यांनी. आणि न्यूयॉर्कमध्ये रोबसनच्या सहवासात आलेल्या भूपेन हजारिका यांनी तीच प्रेरणा असमियात आणली. त्यांच्या गाण्यात नदीच्या उदासीनतेला माणूस जाब विचारतो.

मित्रहो, यातून निघणारे निष्कर्ष तीन. पहिला, गाणे आधी गाणे म्हणून उत्तम असले पाहिजे. हार्बर्गचे म्हणणे लोकांपर्यंत पोचले, कारण तो कारागीर म्हणून पक्का होता. दुसरा, रंगमंच आणि प्रसाराची साधने कोणाच्या हाती आहेत यावर बोलण्याचे स्वातंत्र्य अवलंबून राहते. १९३७ साली न्यूयॉर्कच्या शिवणकामगार संघटनेने 'पिन्स अँड नीडल्स' ही संगीतिका स्वतःच्या नाट्यगृहात, स्वतःचे सभासद नट म्हणून घेऊन उभी केली. ते लोक दिवसभर यंत्रावर बसत, म्हणून आरंभी प्रयोग आठवड्याअखेरीसच होत. तरी एकूण प्रयोग हजारावर गेले. तिसरा, जुने गाणे बदलण्याचा हक्क गाणाऱ्याने सोडता कामा नये.

आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची थोर परंपरा आहे; 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य पु. लं.नी त्याच परिवारासाठी लिहिले. आज मात्र आपल्या सभांत आरंभीचे गीत हा एक उपचार उरला आहे. व्यासपीठावर चौघे गातात आणि समोरचे कार्यकर्ते ध्वनिक्षेपक नीट लागला की नाही ते पाहत असतात. जे गाणे श्रोत्याच्या ओठांवर जात नाही, ते बदलण्याची गरज आहे असे समजावे.

माझी सूचना अर्थशास्त्रज्ञाला शोभेल अशीच, रूक्ष आहे. जिल्हा शाखांची अंदाजपत्रके मी पाहतो. त्यांत पत्रके, फलक, मंडप, इंधन यांसाठी तरतूद असते. गाणे लिहिणारा, चाल लावणारा, ढोलकी वाजविणारा यांच्यासाठी खातेच नसते. त्यांचे श्रम आपण फुकट गृहीत धरतो, आणि वर शोषणावर भाषणे करतो. येत्या वर्षी ते खाते उघडावे. रक्कम लहान असली तरी चालेल.