ज्वारीबरोबर डाळहि द्या
(दुष्काळ-निवारण समितीच्या यवतमाळ येथील सभेंत झालेलें भाषण)



यंदाच्या अवर्षणांत आपल्या औदार्यानें समितीकडे ज्वारीचीं पोतीं आलीं, त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. तथापि आज आमचें मागणें थोडें निराळें आहे. यापुढें जें द्याल त्यांत तुरीची वा हरभऱ्याची डाळ असूं द्या.

पोट भरणें आणि शरीर पोसणें या गोष्टी भिन्न आहेत. स्नायु, रक्त व रोगास तोंड देण्याची शक्ति हीं प्रथिनांवांचून घडत नाहींत. शंभर ग्रॅम ज्वारींत तीं सुमारें १०, तर तुरीच्या डाळींत सुमारें २२ ग्रॅम असतात. शिवाय ज्वारींत लायसिन या घटकाची जी उणीव, ती डाळ भरून काढते. डाळींत जें न्यून, तें ज्वारी पुरविते. भाकरीबरोबर वरण ही वडिलांची योजना शास्त्रास धरूनच आहे. मात्र धान्यच अपुरें असेल, तर शरीर प्रथिनेंहि सरपणाप्रमाणें जाळून टाकतें. म्हणून दोन्ही हवींत.

हा धडा जुना आहे. १८७७ सालीं मद्रास इलाख्यांत सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरी एका पौंड धान्याची किंमत व वर एक आणा इतकी उतरविली. एवढ्यावर कष्टकऱ्याचें शरीर टिकणार नाहीं, असा वाद तेथील आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं घातला. त्याच वर्षीं मजुरी वाढवावी लागली. पण तोंवर अनेकांचे प्राण गेले होते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें प्राधान्य गटांतील कुटुंबास माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळतें, म्हणजे रोजीं सुमारें १६५ ग्रॅम. त्यांत डाळीचा हक्क नाहीं. आपल्याकडे कापसांत तुरीचे तास असतात खरे. परंतु नापिकीच्या वर्षीं हातीं येईल ती तूर शेतकरी देणें फेडण्यास विकतो, आणि घरीं भाकर व तिखट उरतें. केळापूर, झरी-जामणीकडील कोलामांच्या पोडांवर विकण्यासहि फारसें नसतें. याचा पहिला घाव वाढत्या मुलांवर, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांवर बसतो.

माणशीं दरमहा २ किलो डाळ दिली, तर रोजीं सुमारें १४ ग्रॅम प्रथिनें अधिक पडतील. अडत्यांनीं दुकानांतून, शेतमालकांनीं खळ्यावरून, इतरांनीं रोख रकमेनें हा वांटा उचलावा, अशी समितीची आपणांस नम्र विनंति आहे.